बाळ-बाळंतीण सुखरूप

विजूताई रेग्यांच्या वर्गात 'दुखणं' हा शब्द बंद होता. कुणाच्या तोंडून चुकून निघालाच, तर त्या बोट वर करायच्या. "कळ म्हणजे काम. शरीर काम करतंय, त्याला करू दे." मग समोर बसलेल्या पंजाबी, बंगाली, बिहारी मुलींसाठी त्याचंच हिंदी व्हायचं, "कळ मतलब काम. समझी क्या?" 'कळ'ला हिंदीत काय म्हणतात, हे दिल्लीत उभा जन्म काढूनही त्यांनी शोधलं नव्हतं. लखनौच्या एका मुलीला कित्येक दिवस वाटत होतं, की मॅडम उद्याच्या कामाबद्दल काहीतरी सांगतायत.

मी पुण्याहून नोकरीसाठी नोएडाला आले आणि वर्षभरात मला दिवस राहिले. आई येऊ शकत नव्हती, सासूबाई नव्हत्या. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत एका बाईंनी माझ्याकडे पाहून आपणहून सांगितलं, "रेगे मॅडमकडे जा. डिलिव्हरीचे क्लास घेतात. बिल्कुल नॉर्मल होईल बघ."

दार उघडल्यावर विजूताईंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"ही चप्पल उद्यापासून नको. आत ये. नाव काय?"

नाव सांगेपर्यंत त्या आत गेल्याही होत्या. त्यांना कुणाचंही वाक्य पुरं होईपर्यंत धीर नसे. उंच, शेलाट्या, केसांचा अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. रेगेकाका केंद्र सरकारात होते, तेव्हा ही मंडळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायची. काका निवृत्त झाल्यावर नोएडात फ्लॅट घेतला, आणि त्यानंतर काका फार राहिले नाहीत. त्यांच्या पश्चात विजूताईंनी दिवाणखान्यातला सोफा विकून टाकला, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या आणि वर्ग सुरू केला.

वर्ग म्हणजे व्यायाम, श्वास, उकिडवं बसणं, मोठ्या रबरी चेंडूवर बसून डुलणं. नवऱ्यांनाही यावं लागे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आलेले ते पुरुष सतरंजीवर अवघडून बसत आणि विजूताई त्यांना बायकोची कंबर कशी चोळायची ते शिकवत. डोळे मिटून अंग सैल सोडायच्या तासाला एक आडदांड जाट गृहस्थ घोरायला लागले. त्यांची बायको शरमेनं लाल झाली. विजूताई त्यांना उठवू देईनात. "सोने दो. पूरे क्लास में यही एक पास हुआ है."

त्यांच्या बोलण्यात एक ठाम भरवसा होता. घरापासून दूर, परक्या भाषेत, अनोळखी डॉक्टरांच्या हाती जाणाऱ्या आम्हा मुलींना तो हवाच होता. "शरीराला सगळं येतं," त्या म्हणायच्या, "आपण फक्त मध्ये पडायचं नाही. घाबरली, की अडली." हे शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज म्हणत, की ते कानात राही. समोरच्या भिंतीवर बाळांचे फोटो असत, दमलेल्या, हसऱ्या आया आणि त्यांच्या छातीवरचे ते लालबुंद गोळे. कळा सुरू झाल्या की तिकडे बघायचं, असं ठरलेलं होतं. म्हणजे तो फोटो मनात आणायचा.

माझं बाळंतपण सरळ झालं. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण फोनवर विजूताईंचा आवाज नाचत होता. "शाब्बास! सोडलं नाहीस ना? मला माहीत होतं." त्यांनी वर्गात पेढे वाटले, माझा फोटो भिंतीवर लावला आणि नवीन तुकडी आली की मला बोलावून घेऊ लागल्या. मी माझी गोष्ट सांगायची, बायकांनी टाळ्या वाजवायच्या. माझी मुलगी चालायला लागेपर्यंत मी तिथली कायमची पाहुणी झाले. वर्ग संपल्यावर मागे राहून चहा प्यायचा, सतरंज्या गुंडाळायच्या, आणि जाता जाता विजूताईंनी डब्यात घालून दिलेलं काहीतरी घरी न्यायचं, असं आमचं चालू झालं.

एकदा त्यांच्याबरोबर सरोजिनी नगरच्या बाजारात गेले होते. जुन्या क्वार्टरच्या दिवसांमुळे तो बाजार त्यांना माहेरासारखा. सुती कुर्त्यांच्या ढिगापाशी त्यांना एक ओळखीची मुलगी दिसली. बरोबर शाळकरी वाटणारा मुलगा होता. विजूताईंनी हाक मारली, "शिप्रा! अरे शिप्रा!" तिनं पाहिलं आणि ती दोन दुकानांच्या मधल्या बोळात शिरली. विजूताई कसल्या ऐकतात! त्यांनी तिला बोळाच्या पलीकडे गाठलं.

"किती मोठा झाला गं! कितना बड़ा हो गया! फोटो क्यूँ नहीं भेजा?"

शिप्रानं मुलाचा हात घट्ट धरला. "मॅम, मेरा सिज़ेरियन हो गया था," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "सॉरी."

"अरे, कोई बात नहीं," विजूताई तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या. ती गर्दीत दिसेनाशी झाली. परतताना रिक्षात विजूताई म्हणाल्या, "चांगली तयारी होती तिची. शेवटी घाबरली असणार." त्यांना त्या 'सॉरी'चं नवल वाटलं नव्हतं. मला मात्र ते घरी आल्यावरही खुपत राहिलं. शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलाची आई बाजारात उभी राहून माफी कसली मागते?

मग गार्गीची वेळ आली.

गार्गी ही विजूताईंची एकुलती एक मुलगी. विद्यापीठात संशोधन करत होती, मुनिरकाच्या एका खोलीत कित्येक वर्षं राहिली, मग निशांतशी, तिच्याकडून मराठी शिकलेल्या हिंदीभाषक मुलाशी, लग्न करून गुरुग्रामला गेली. दिल्लीत वाढल्यामुळे तिचं मराठी हिंदीत न्हालेलं. "आई, यार, तू ना बिल्कुल ऐकत नाहीस" हे तिचं लाडकं वाक्य. ती वर्गात येऊ लागली, तेव्हा विजूताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. आजवर दुसऱ्यांच्या मुली तयार केल्या, आता आपली. गार्गी सगळं मनापासून करायची. तिनं निशांतला सगळं सांगून ठेवलं होतं. खोलीत उजेड कमी हवा, आई शेजारी हवी, आणि बाळ झाल्या झाल्या पुसायच्याही आधी तिच्या छातीवर हवं. "मला तिचं पहिलं रडणं ऐकायचंय," ती म्हणायची. मुलगी होणार, असं तिचं तिनंच ठरवलं होतं.

मुलगीच झाली. पण कशी झाली, ते मला विजूताईंकडून नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं.

कळा पहाटे सुरू झाल्या. दुपारपर्यंत गार्गी थकून गेली, पण तोंडातून आवाज काढत नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, हवं तर आता ऑपरेशनचा विचार करू. विजूताईंनी विचारलं, अजून थोडी वाट बघितली तर धोका आहे का? डॉक्टर म्हणाल्या, आत्ता तरी नाही. तेव्हा विजूताई गार्गीच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सोडू नकोस, राणी. आलंच आता." गार्गीनं मान हलवली. त्यानंतर काही वेळानं बाळाच्या हृदयाचे ठोके एकाएकी मंदावले. मग कुणी कुणाशी बोललं नाही. पलंगच ढकलत नेला. कमरेतून भूल द्यायलाही वेळ नव्हता, पूर्ण भूल द्यावी लागणार होती. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी विजूताईंना थांबवलं. दार बंद होताना गार्गीनं मान वळवून विचारलं, "आई, मी नीट करत होते ना?"

दार मिटलं. उत्तर विजूताईंच्या तोंडातच राहिलं.

निशांतनं फोनवर आम्हाला सगळ्यांना एकच वाक्य पाठवलं : बाळ-बाळंतीण सुखरूप. ते खरंच होतं. डॉक्टरांनी वेळेवर धाव घेतली म्हणून दोघी वाचल्या होत्या. त्यामुळे जो तो तिला तेच सांगत होता. सासू म्हणाली, "सब ठीक हो गया, भगवान का शुक्र है." मावशी पुण्याहून फोनवर म्हणाली, "अगं, बाळ धडधाकट आहे ना? मग आणखी काय पाहिजे?" गार्गी सगळ्यांना 'हो' म्हणायची. सुखरूप या शब्दापुढे बोलायला जागाच नसते. ज्याला काही बोलायचं असेल, तो कृतघ्न ठरतो.

मी विजूताईंबरोबर तिला बघायला गेले. घर स्वच्छ, बाळ स्वच्छ, गार्गी विंचरलेली. दूध, लंगोट, झोप, सगळं वेळच्या वेळी. बाळाला ती नीट धरत होती, एखाद्यानं सांभाळायला दिलेली किमती वस्तू धरावी तशी. विजूताई डिंकाचे लाडू काढता काढता बोलत होत्या, त्यांना गप्प बसणं जमतच नसे. "पोटाचे व्यायाम आपण हळूहळू सुरू करू. आणि पुढच्या वेळी बघ, सिझेरियननंतरसुद्धा नॉर्मल होतं..."

"आई," गार्गी म्हणाली, "ही माझी आहे, हे मला लोकांनी सांगितलं म्हणून माहीत आहे."

विजूताईंचा हात डब्यातच राहिला.

"मी झोपले. उठले तर पोट रिकामं. कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवला, म्हणे ही तुमची. ती काचेमागे होती. दुसऱ्या दिवशी हातात दिली. मी म्हटलं, अच्छा."

"अगं, पण तुझा जीव..."

"माहीत आहे. सगळे तेच सांगतात. मला ते माहीत आहे, आई." तिचा आवाज चढला नाही. "तू म्हणायचीस ना, घाबरली की अडली. मी घाबरले नव्हते. मग मी कुठे चुकले? मी रोज तेच शोधते. तू मला तयार नाही केलंस, परीक्षेला बसवलंस. आणि मी नापास झाले तेव्हा तू दाराबाहेर होतीस." मग ती बाळाचं दुपटं सारखं करत म्हणाली, "काही दिवस येऊ नकोस. प्लीज."

आम्ही मेट्रोनं परत आलो. डबा तसाच भरलेला विजूताईंच्या मांडीवर. त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांनी वर्ग बंद ठेवला. चौकशी करणाऱ्यांना तब्येतीचं कारण सांगितलं. पुढच्या रविवारी मी गेले, तर त्या सतरंजीवर फोटोंच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"यात किती जणी नाहीत, बघ," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, दिल्ली आहे, माणसं बदलून जातात, विसरतात. त्या गेल्या नव्हत्या गं कुठे. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या शिप्रानं मला सॉरी म्हटलं आणि मी म्हटलं, कोई बात नहीं. म्हणजे मी तिला माफ केलं! कशाबद्दल?"

त्या दिवसापासून त्यांनी न आलेल्या मुलींना फोन करायला सुरुवात केली. मी काही वेळा शेजारी असायचे. फोन लागला की त्या नाव सांगत आणि विचारत, "तुम्हारा कैसे हुआ था, वो मैंने कभी पूछा नहीं. बताओगी?" काहींनी फोन ठेवून दिला. एकीनं सुनावलं, की इतक्या वर्षांनी कशाला? पण बऱ्याचजणी बोलल्या. एक अजूनही त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानं जात नव्हती, रिक्षावाल्याला लांबून घ्यायला लावायची. एकीनं दुसरं मूल होऊ दिलं नव्हतं आणि नवऱ्याला खरं कारण सांगितलं नव्हतं. एकीची तर प्रसूती नॉर्मल झाली होती, अगदी पुस्तकात असते तशी. पण तिच्यावर कुणीतरी खेकसलं होतं, न विचारता हात घातले होते, आणि तिलाही फोटो पाठवावासा वाटला नव्हता. विजूताई ऐकत. कुणाचंही वाक्य पुरं होऊ न देणारी ही बाई डोळे मिटून फक्त "फिर?" एवढंच म्हणे. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा ओढलेला दिसायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या उगाचच ओटा पुसत बसायच्या.

शिप्राचा फोन त्यांनी सर्वांत शेवटी लावला. तो मी ऐकला नाही. त्यांनी मला बाल्कनीत पाठवून दार लोटून घेतलं होतं.

गार्गीकडून काहीच येत नव्हतं. निशांत मधूनमधून बाळाचे फोटो पाठवायचा. एका दुपारी त्याचा मला फोन आला. तो ऑफिसातून घरी आला, तर फ्लॅटचं दार सताड उघडं, बाळ पाळण्यात रडून रडून लाल, आणि गार्गी खाली सोसायटीच्या बागेत बाकावर बसलेली. विचारलं तर म्हणाली, "ती रडते, तेव्हा मला वाटतं, तिची खरी आई येईल." निशांत घाबरला होता. "आईंना सांगू का? गार्गी नाही म्हणते."

मी विजूताईंना सांगितलं. मला वाटलं, त्या तडक निघतील. त्या उठल्या, चप्पल घातली, मग दाराशी थांबल्या आणि पुन्हा खाली बसल्या. "मी गेले तर ती माझ्यासमोर पुन्हा नीट वागायला बघेल," त्या म्हणाल्या. त्यांनी निशांतला फोन करून सांगितलं, "आज तिला एकटी ठेवू नका. उद्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. हा आळस नाही, नाटक नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. तुझ्या आईंनाही असंच सांग." आवाज कणखर होता. फोन ठेवल्यावर मात्र त्या किती तरी वेळ उंबऱ्यापाशीच बसून राहिल्या, चप्पल पायातच.

औषधं सुरू झाली. बोलणं सुरू झालं. थंडी सरत आली, तेव्हा एका सकाळी गार्गी बाळाला घेऊन स्वतःच आईकडे आली. मी सतरंज्या उन्हात टाकायला म्हणून आले होते. निघू लागले, तर गार्गीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "थांब ना."

ती आईसमोर बसली. "तू सगळ्यांना फोन करून विचारलंस म्हणे. निशांतनं सांगितलं. मला नाही विचारलंस."

"तू येऊ नको म्हणालीस."

"हो. आता विचार."

"कसं झालं तुझं?" विजूताईंनी विचारलं.

गार्गीनं पहाटेपासूनचं सांगितलं. विजूताई त्या खोलीत होत्या, त्यांना त्यातलं सगळं ठाऊक होतं. काही ठिकाणी गार्गीला आठवत होतं ते चुकीचंही होतं. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला नाही. दारापर्यंत येऊन गार्गी थांबली. "मग लाईट दिसले. मग काही नाही. तिथे माझी जागा रिकामी आहे, आई."

"तू नीट करत होतीस," विजूताई म्हणाल्या. "तेव्हा सांगायचं राहिलं. आणि सोडू नकोस म्हणाले, ते माझं चुकलं. ते सोडण्या-धरण्याचं नव्हतंच गं."

गार्गी रडू लागली. खूप वेळानं तिनं विचारलं, "बाहेर काय झालं मग?"

विजूताईंनी माझ्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. "नर्सनं काचेआड नेण्याआधी क्षणभर बाहेर आणली. मी घेतली. पहिल्यांदा मी घेतली, तो तुझा मान होता. म्हणून तुला आजवर सांगितलं नाही."

"रडत होती?"

"नाही. रडून झालं होतं. डोळे उघडे होते. एक भुवई अशी वर. जसं काही, हे कुठे आणलंत मला? मग तिला शिंक आली, आणि ती स्वतःच दचकली."

"शिंक?" गार्गी म्हणाली. ती रडता रडता हसली. "कशी? करून दाखव."

साठीच्या विजूताईंनी ती बारीकशी शिंक करून दाखवली. गार्गीनं पुन्हा करायला लावली. मग तिनं माझ्याकडून बाळ घेतलं आणि त्याच्या भुवया निरखत बसली.

गार्गी बरी झाली, पण एका दिवसात नाही. काही दिवस चांगले जायचे, काही पुन्हा जुन्यासारखे. मायलेकींचं बोलणं सुरू झालं, तरी पहिल्यासारखी 'यार'ची थट्टा फारशी ऐकू आली नाही. वर्षभरात निशांतची बदली बेंगळुरूला झाली आणि ते गेले. रोज फोन यायचा, थोडाच वेळ.

विजूताईंनी वर्ग पुन्हा सुरू केला. भिंत मोकळी केली होती. श्वास आणि व्यायाम तेच, पण आता त्या ऑपरेशनबद्दलही सांगत. भूल कशी देतात, शुद्धीवर आल्यावर काय विचारायचं, बाळ आधी दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्या माणसानं सगळं नीट बघून ठेवायचं आणि आईला सांगायचं. नवऱ्यांना त्या हेच काम देत. लोकांना ते रुचेना. "मॅडम निगेटिव्ह बोलतात," असं पसरलं. जवळच्या मॉलमध्ये कुणीतरी चकचकीत वर्ग काढला होता, हमखास नॉर्मलचा. विजूताईंकडे तीन-चार जणी उरल्या, कधी एखादीच. संध्याकाळी त्या एकट्याच सतरंज्या गुंडाळायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "असू दे गं. येतील त्या येतील."

पुढे आम्हीही पुण्याला परतायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत भरून मी त्यांचा निरोप घ्यायला त्यांच्या सोसायटीत गेले. घराला कुलूप होतं. खाली आले, तर बागेतल्या उन्हात त्या एका मुलीबरोबर बसल्या होत्या. मुलगी मी कधी पाहिलेली नव्हती. सलवार-कमीजवर शाल, एक हात पोटावर, टाके ओले असलेली बाई बसते तशी जरा वाकून बसलेली. ती खाली बघून बोलत होती, मधेच थांबत होती. विजूताईंचा कान तिच्याकडे होता.

मी हात हलवला. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि तळहात जरासा उचलून थांबायची खूण केली. मी गुलमोहराखाली उभी राहिले. ती मुलगी बोलतच होती. रस्त्यावरून माझ्या नवऱ्यानं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. विजूताईंनी माझ्याकडे परत पाहिलं नाही. मी फाटकातून बाहेर आले आणि गाडीत बसले.